युरोपची बस अरेझोला थांबविल्याची हकीकत

मी परत आल्यापासून माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या पक्षकारांपैकी निम्मेअधिक लोक आपला अर्ज बाजूला ठेवून एकच विचारतात: रायटर, आमच्यासारख्या माणसाला युरोप झेपतो काय, आणि जावे तर कुणाबरोबर? प्रत्येकास तोंडी उत्तर देणे कामाच्या वेळेत शक्य नाही. सबब हा लेख. कोर्टाच्या आवारात अर्ज लिहिण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे घडलेली गोष्ट क्रमवार मांडण्याची मला सवय आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे. तथापि सातवीनंतर मी जे वाचले ते सर्व सरकारी आहे, आणि ते पदवीधरांनाही समजत नाही.

कोल्हापूर

युरोपचा विचार मुळात माझा नव्हे. तो माझ्या पक्षकार आक्काताईंचा. या कुरुंदवाडजवळच्या एका खेड्यातल्या. त्या गावात घरटी एक माणूस पलटणीत असतो. आक्काताईंचे थोरले बंधू दत्तू, ज्यांना त्या आण्णा म्हणत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामास आले. घरी तार आली. वडिलांनी ती मानली नाही. पोरगे येणार म्हणून त्यांनी दहावे घातले नाही, तेरावे घातले नाही, आणि वाट पाहतच ते गेले. आक्काताई तेव्हा परकरी पोर होत्या. पुढे लग्न झाले, मुले झाली. परंतु दर भाऊबिजेला पाट मांडून रिकाम्या पाटाला ओवाळण्याचे त्यांनी सोडले नाही.

त्यांच्या वतीने मी लष्कराच्या निरनिराळ्या कचेऱ्यांना अर्ज केले. एकाने दुसऱ्याकडे पाठविले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. मी थकलो नाही. अखेरीस उत्तर आले की, सदर शिपायाचे दहन तिकडेच झाले असून अरेझो नामक गावाबाहेर जे युद्धस्मारक आहे तेथील भिंतीवर त्यांचे नाव कोरलेले आहे.

मी मजकूर वाचून दाखविला. आक्काताई म्हणाल्या, "मग जाऊन येऊया की."

"कुठे?"

"तितंच. रिकाम्या पाटाला किती दिस ओवाळू? एकदा आण्णा हाय तितं जातो, ओवाळतो, आन् येतो."

मला वाटले बाई थट्टा करीत आहेत. पुढच्या आठवड्यात त्या थोरल्या मुलाला घेऊन आल्या. तो साखर कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. आईला पाठविण्यास तो तयार होता. अट एवढीच की रायटर बरोबर पाहिजेत. माझी घरामागची जागा सरकारी रस्त्यात गेली होती आणि तिची भरपाई मी स्वतःच्या अर्जांनी मिळविली होती. ती कुठे खर्च करावी हा प्रश्न त्या दिवशी सुटला.

सहल शोधण्यास आम्ही मुंबईपासून आरंभ केला. तेथील एक कंपनी गुळगुळीत कागदाचे पुस्तक देते. त्यात एकही मनुष्य चालताना दिसत नाही. सगळे बसलेले आणि हसत असलेले. तिथल्या बाईंनी आक्काताईंच्या लुगड्याकडे पाहत मला इंग्रजीत काही विचारले, मी मराठीत उत्तर दिले, आणि आम्ही जिना उतरलो. दुसऱ्या कंपनीची सहल फारच स्वस्त होती, परंतु ती पाठीवर पिशवी घेऊन आगगाडीत झोपणाऱ्या तरुणांची. आक्काताईंचे गुडघे त्या अटीत बसत नव्हते. अखेर पुण्यात आम्हाला हवी तशी कंपनी सापडली. शहराबाहेरची साधी हॉटेले, दोघांत एक खोली, सकाळी तिकडचा पाव आणि चहा, संध्याकाळी बरोबरच्या आचाऱ्याचा आमटीभात, आणि शेवटपर्यंत एकच बस. जमिनीवर पाय असलेल्या माणसाने अशीच सहल शोधावी. भात रोज मिळेल काय, असे विचारण्यात अर्थ नाही. सगळे होच म्हणतात. बस कोणत्या रस्त्याने जाणार ते विचारावे. जो लगेच नकाशा उघडतो तो खरा.

पुण्याच्या गृहस्थांनी नकाशा उघडला. फ्लॉरेन्सहून रोमला जाणारा रस्ता अरेझोच्या कुशीतून जातो, हे मी बोट ठेवून पाहिले. थांब्याची मागणी लेखी केली. उत्तर आले: "विनंतीचा विचार करण्यात येईल." या वाक्याचा अर्थ माझ्याइतका कोणास ठाऊक असेल असे मला वाटत नाही. त्याचा अर्थ नाही असा होतो. तरीही आम्ही नावे नोंदविली. नकार आला म्हणजे काम सुरू झाले, हेच मी पक्षकारांना सांगत आलो आहे.

पॅरिस

पॅरिसविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी फक्त आंघोळीविषयी लिहितो, कारण ते कोणी लिहीत नाही.

आमच्या सोबत्यांत पेठ वडगावचे गुळाचे व्यापारी गणपततात्या आणि त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी होत्या. तात्या देवभोळे, आवाजाने दणदणीत. सकाळी स्नान झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. घरून त्यांनी पितळी तांब्या आणला होता. पॅरिसच्या हॉटेलात स्नानगृह म्हणजे गालिचा अंथरलेल्या बोळाच्या टोकाला एक खोली. तिच्यात मोठा टब असतो. पण जमिनीला पाणी जाण्यास मोरी नसते. टबात बसून अंग भिजविणे तात्यांना पटले नाही. "आपल्याच मळक्या पाण्यात म्हशीगत बसायचं व्हय?" असे म्हणून त्यांनी टब भरून घेतला, बाहेर फरशीवर उभे राहिले आणि तांब्यांमागून तांबे अंगावर ओतले. मंत्र संपेपर्यंत पाणी बोळात आले आणि गालिच्यावरून जिन्याच्या दिशेने निघाले.

हॉटेलची मालकीणबाई वर आली. ती फ्रेंचमध्ये ओरडत होती, तात्या ओल्या पंच्याने कोल्हापुरीत उत्तर देत होते.

"पाणी जायाला वाटच ठेवली न्हाई तर ते काय खिशात घालू?"

आमचे सहलप्रमुख लिमये धावत आले. पुण्याचे तिशीतले गृहस्थ, गळ्यात शिट्टी, हातात सदैव घड्याळ. त्यांनी माफी मागितली. मी मात्र बाईंना उघड्या दरवाजापाशी नेऊन मोरी नसलेली जमीन बोटाने दाखविली आणि दोन्ही हात जोडले. ती थबकली आणि मग हसू लागली. दोष उभयपक्षी आहे हे एकदा दाखविले की प्रकरण मिटते.

उचगावचे इस्माईलभाई आमच्याच बसमध्ये होते. मोटारींच्या सीटा आणि हूड शिवण्याचा त्यांचा धंदा. लोक मनोऱ्याकडे पाहत असताना ते बसच्या सीटची शिलाई चाचपत. "टाका झकास हाय, रायटर," ते म्हणाले, "पन आत काथ्या न्हाई, निस्ता फेस. चार पावसाळं टिकनार न्हाई." पॅरिसविषयी याहून स्पष्ट मत मी कोणाचे ऐकले नाही.

ल्युसर्नचा डोंगर

स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न गावाला मोठे तळे आहे. ते सुंदर आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु संध्याकाळी त्याच्या काठी बसलेली माणसे एकमेकांशी बोलत नाहीत. रंकाळ्यावर भेळ खाता खाता दहा घरच्या बातम्या कळतात. येथे तासभर बसून शेजारच्या बाकावरचा मनुष्य सुखी आहे की दुःखी, हेही समजले नाही.

डोंगरावर चरणाऱ्या गाईंच्या गळ्यात एवढ्या मोठ्या घंटा होत्या की देवळाची आठवण व्हावी. बस थांबली तेव्हा आक्काताई कुंपणापाशी गेल्या. पलीकडे त्यांच्याच वयाची एक बाई बादली घेऊन उभी होती. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. आक्काताईंनी गाईच्या कासेकडे बोट केले आणि भुवया उंचावल्या. बाईने बादलीच्या कडेवर कुठपर्यंत भरते ते दाखविले. आक्काताईंनी मान डोलावली, मग स्वतःच्या म्हशीचे शिंग हातांनी हवेत रेखून दाखविले. ती बाई पोट धरून हसली. तात्यांनी पिशवीतून गुळाचा खडा काढून दिला. तिने वास घेतला, चाखला आणि उरलेला पदराऐवजी खिशात ठेवला.

बसमध्ये परतल्यावर आक्काताई मला म्हणाल्या, "समदं बघितलं, रायटर. पन आण्णाचं गाव कवा येतंय?"

फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्समधील संगमरवरी पुतळे पाहून झाल्यावर मी लिमयांना गाठले. दुसऱ्या दिवशी रोमला निघावयाचे होते.

"अर्जवाले साहेब, मी तुमची भावना समजतो," ते घड्याळाकडे पाहत म्हणाले. "पण रोमला दुपारी गाईड उभा असेल. त्याला उशीर झाला तर सगळ्यांचा रोमचा दिवस जाईल. वाटेत फक्त पेट्रोल पंपावर थांबणार."

"पंपावर का?"

"ड्रायव्हरला विश्रांती घ्यावी लागते. इकडचा कायदा आहे. त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही."

"ती विश्रांती त्याने कुठे घ्यावी हे कायद्यात लिहिले आहे काय?"

लिमये पुन्हा घड्याळ पाहू लागले. मला हवे ते मिळाले होते. आमच्या धंद्यातील पहिला नियम असा की, अर्ज योग्य अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. मी इतके दिवस चुकीच्या टेबलापुढे उभा होतो. बस सहलप्रमुखाच्या शिट्टीने थांबत नाही. ती चालकाच्या पायाने थांबते.

आमचा चालक ज्युलिओ इटलीचाच, पन्नाशीचा, जाड मिशांचा. तो बसची काच पुसत होता. मी आक्काताईंना घेऊन त्याच्यापुढे गेलो. भाषा नव्हती. आक्काताईंनी कमरेच्या पिशवीतून बंधूंचा लष्करी वेशातील फोटो काढला आणि त्याच्या हातात दिला. मी "अरेझो" म्हणालो. त्याने फोटो पाहिला, आक्काताईंकडे पाहिले.

"सोल्दातो?" म्हणजे शिपाई, असा अर्थ मी लावला.

आक्काताईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "माझा आण्णा हाय त्यो."

त्याला शब्द कळला नसावा. फोटो दोन्ही हातांनी परत दिला आणि लिमयांना हाक मारून भराभर काहीतरी सांगितले.

लिमये माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पडला होता, तरी रागावलेला नव्हता. "तो म्हणतो, उद्याची विश्रांती तो अरेझोलाच घेणार. पंपावरची कॉफी त्याला आवडत नाही. पण साहेब, त्याची विश्रांती संपली की मी शिट्टी मारणार. एक मिनिट जास्त नाही."

"मंजूर," मी म्हणालो.

फ्लॉरेन्स ते रोम

रस्ता सुरेख होता. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, टेकड्यांवर लाल कौलांची घरे. मध्येच उंच, काळपट हिरवी, सुईसारखी झाडे. आक्काताई पहाटेच न्हाऊन, ठेवणीतले हिरवे लुगडे नेसून पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मांडीवर ताट, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. सगळ्या बसला आता ठाऊक होते. सुशीलावहिनींनी आपल्या डब्यातले तूप वातीसाठी दिले.

बस मोठा रस्ता सोडून आत वळली आणि एका फाटकापुढे थांबली. आत हिरवेगार गवत, मध्ये दगडी क्रूस, आणि कडेपर्यंत ओळीओळीने पांढरे दगड.

तात्या काचेतून पाहत होते. ते एकदम मागे सरले.

"रायटर, ह्ये तर मसण हाय की!"

बसमध्ये कुजबुज झाली. आम्हा सर्वांच्या मनात स्मारक म्हणजे चौकातला पुतळा, कठडा आणि हार असेच चित्र होते. थडग्यांची शेते कोणी कल्पिली नव्हती.

"मसणात पाय ठेवला की न्हाल्याबिगर अन्नाला शिवायचं न्हाई," तात्या म्हणाले. "आन् बायामानसांनी तर जायाचंच न्हाई. आक्का, रागावू नगा. रोमला पोचेस्तोवर आंघोळ कुठली? समद्या बसला इटाळ."

मी उभा राहिलो. प्रकरण आपल्या बाजूने मांडावयास हवे होते, ते मांडले. आक्काताईंच्या बंधूंना येथे पुरलेले नाही. त्यांचे दहन दुसरीकडे झालेले आहे. येथे केवळ नाव आहे. नावाला विटाळ नसतो. युक्तिवाद मला अजूनही अचूक वाटतो.

"मसण ते मसण," तात्या म्हणाले. "भोवतीनं मडी हाईत न्हवं?"

आक्काताई पायरीवर उभ्या होत्या. हातात ताट. त्या ना उतरत होत्या, ना मागे येत होत्या. इतकी वर्षे त्यांनी कोणाचेच ऐकले नव्हते, परंतु विटाळ दुसऱ्यांच्या जेवणावर यावा हे त्यांना सोसत नव्हते. लिमयांनी घड्याळ पाहिले. बाहेर ज्युलिओ बोनेटला टेकून उभा होता. त्याची विश्रांती सुरू झाली होती.

पहिले उठले ते इस्माईलभाई. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले आणि खिशातली टोपी डोक्यावर घातली.

"आमच्यात कबरस्तानात जाताना धुत्यात, तात्या. तुमच्यात आल्यावर. पानी तेच की." असे म्हणून ते उतरले.

मी उतरलो. "मी रोमपर्यंत उपाशी राहीन," मी बसला सांगितले. "माझा कुणाला विटाळ नको." ही प्रतिज्ञा मी विचारपूर्वक केली होती. आचाऱ्याने दुपारसाठी बांधून दिलेल्या पुऱ्यांचा वास तेव्हाही बसमध्ये येत होता.

मग सुशीलावहिनींनी पदर खोचला.

"सुशे, तू कुठं?" तात्या ओरडले.

"आक्का एकटीच जाणार व्हय? माहेरला जाताना बी कुनीतरी संगट असतंय." आणि त्यांनी आक्काताईंच्या दंडाला धरून त्यांना खाली उतरविले. त्यांच्यामागून एकेक जण उतरू लागला. तात्या शेवटी एकटेच राहिले. मग त्यांनीही, तोंडाने काही पुटपुटत, पायताण पायरीपाशी काढून ठेवले.

आत एक वृद्ध माळी रबरी नळीने फुलांना पाणी घालीत होता. मी कागदावर नाव लिहून दिले. त्याने नळी तशीच गवतावर टाकली आणि आम्हाला ओळींमधून नेले. वाटेत काही दगडांवर चंद्रकोर व उर्दू अक्षरे होती. इस्माईलभाई त्यांतल्या एकापाशी थांबले. ओळखीचे नव्हते कोणी. त्यांनी ओंजळ उघडली आणि ओठ हलविले.

माळ्याने आम्हाला मागील भिंतीपाशी आणले. दहन झालेल्यांची नावे तेथे कोरलेली होती. मी इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवीत गेलो आणि सापडल्यावर नाव मोठ्याने वाचले. वाचताना माझा आवाज नकळत कोर्टातल्या पट्टेवाल्यासारखा निघाला, तो पक्षकाराला पुकारतो तसा.

आक्काताई पुढे आल्या. नावावर कुंकू लावले, अक्षता लावल्या. निरांजन पेटविले तर ते वाऱ्याने विझले. पुन्हा पेटविले, पुन्हा विझले. कोणीतरी माझ्या खांद्याजवळून पुढे झाले. तात्या होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा उलगडून दोन्ही हातांनी भिंतीपाशी आडोसा धरला.

"ओवाळा, आक्का. मी हाय."

आक्काताईंनी ओवाळले. मग वडील भावाला करावयाचा तो नमस्कार करण्यासाठी त्या वाकल्या आणि अर्ध्यावर थांबल्या.

"आण्णा," त्या नावाशी बोलल्या, "माझ्या धाकट्या पोरापरास बी ल्हान की रं ऱ्हायलास तू."

त्यांनी नमस्कार केला नाही. दोन्ही तळवे त्या कोरलेल्या अक्षरांवरून, पोराच्या गालांवरून फिरवावेत तसे फिरविले, मग स्वतःच्या कानशिलांवर नेऊन बोटे मोडली. कडाकडा वाजली. इतक्या माणसांत तेवढाच आवाज.

शिट्टीची वेळ होऊन गेली होती. मी लिमयांकडे पाहिले. शिट्टी त्यांच्या ओठांत नव्हती, मुठीत होती.

परत फाटकाशी येताना तात्यांना गवतावरची नळी दिसली. त्यांनी माळ्याकडे बोटाने पाय दाखविले, डोके दाखविले. माळी काही समजला, काही नाही. पण त्याने नळी उचलून धरली. मग आमची सगळी बस एकामागून एक त्या नळीखाली आली. हात, पाय, तोंड, चूळ. तात्यांनी तर डोकेच खाली घातले आणि मोठ्याने मंत्र म्हटले. ज्युलिओ दारात उभा राहून पाहत होता. हे लोक काय करीत आहेत हे त्याने विचारले नाही. माझे तोंड धुऊन झाल्यावर रोमपर्यंतच्या उपवासाचे कारणही उरले नाही, हे येथे नमूद करतो.

शेवटी आक्काताई आल्या. रिकामे ताट काखेत. माळ्याने नळी त्यांच्याकडे केली. सुशीलावहिनी म्हणाल्या, "आक्का, पाय तरी धुवा."

आक्काताई थांबल्यासुद्धा नाहीत.

"भावाच्या घरनं येताना कोन आंघोळ करतंय व्हय?" त्या म्हणाल्या आणि कुंकवाच्या बोटांनीच दांडी धरून बसमध्ये चढल्या.

तात्यांच्या डोक्यावरून पाणी गळत होते. त्यांनी माळ्याच्या हातातली नळी घेतली आणि पुन्हा फुलांत नेऊन ठेवली.